बेसवाल्याची पेटी



गोव्यातल्या आपल्या मराठी घरांत गाण्याच्या आठवणी निघाल्या की मंगेशीचे मास्टर दीनानाथ, केरीच्या केसरबाई, देवळातला सप्ताह आणि जत्रेतलं नाटक इथपर्यंत गाडी जाते आणि तिथेच थांबते. शेजारच्या क्रिस्तांव घरात काय वाजत होतं ते आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय, पण त्यावर कुणी लिहीत नाही. आज त्यातल्याही एका कोपऱ्यातल्या वस्तूबद्दल लिहितोय. लग्नाच्या बँडमध्ये ड्रमच्या बाजूला एक मोठी काळी पेटी असायची आणि तिच्याशेजारी चार तारांची लांब गिटार घेतलेला एक गप्प माणूस. ती पेटी म्हणजे बेस गिटारचा अँप्लिफायर, बोलीभाषेत अँप. मी संगीतातला जाणकार नाही. बी.कॉम. करून बँकेत लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. पण या पेटीच्या इतिहासात आयातबंदी, कर्ज, तारण, घसारा असं आमच्या धंद्यातलं इतकं काही आहे की मला तो गाण्यापेक्षा जास्त कळतो.

आधी ही पेटी लागते कशाला ते सांगतो. बेसच्या सगळ्यात खालच्या तारेचा सूर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा असतो. हवेतली त्याची एक लाट आठ मीटरपेक्षा लांब, म्हणजे आपल्या जुन्या घराच्या ओसरीएवढी. एवढी हवा हलवायची तर स्पीकरचा कागद मोठा हवा आणि तो पुढे-मागे जास्त सरकायला हवा. शिवाय माणसाचा कान खालच्या सुरांना जरा बहिराच असतो. आवाज कानाला दुप्पट वाटावा म्हणून वॅट साधारण दहापट लागतात. म्हणून गाणाऱ्याला पुरणारा अँप बेसवाल्याला पुरत नाही.

दुसरी अडचण खोक्याची. स्पीकरचा कागद पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची सैल पडते. खोका मागून उघडा असेल तर या दोन लाटा वळून एकमेकींना मारतात. वरच्या सुरांचं यात फारसं बिघडत नाही, खालचे सूर मात्र पार मरतात. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता गोष्ट अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात फुलर्टन नावाचं गाव आहे. तिथला लिओ फेंडर हा गडी शिकला होता हिशेबनिशी! जमाखर्च लिहायची नोकरी करत होता, मंदीत ती गेली. मग १९३८ साली सहाशे डॉलर उसने घेऊन त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण दुरुस्तीला येणारे वादक काय रडगाणं गातात ते तो कान देऊन ऐकायचा. त्या काळी बँडमध्ये खालचे सूर द्यायला माणसाएवढा उंच लाकडी डबल बेस असे. न्यायला-आणायला त्रास, आणि ट्रंपेट-ड्रमसमोर तो ऐकूही येत नसे. फेंडरने १९५१ मध्ये गिटारसारखी गळ्यात अडकवायची, पट्ट्या असलेली बेस गिटार काढली. पट्ट्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन बेस. पण तिचं लाकूड भरीव. वीज नसेल तर ती जवळजवळ मुकीच. म्हणून पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, तिच्यासाठी ‘बेसमन’ नावाचा अँप आला. आत एक पंधरा इंची स्पीकर, ताकद पंचवीस-सव्वीस वॅट. लायोनेल हॅम्प्टनच्या मोठ्या जॅझ वाद्यवृंदात ही नवी गिटार आणि तिची पेटी वाजू लागली तेव्हा कुठे लोकांचं लक्ष गेलं.

पुढे फेंडरने पंधरा इंचीच्या जागी दहा इंची चार स्पीकर घातले आणि वॅटही वाढवले. पण खोका मागून उघडाच. त्यामुळे झालं असं, की बेससाठी बनवलेला हा अँप बेससाठी बेताचाच ठरला आणि साध्या गिटारवाल्यांनी मात्र तो डोक्यावर घेतला. जोरात वाजवला की त्याचा आवाज जरा फाटायचा, आणि त्यांना तो फाटलेला आवाजच हवा होता. १९६५ मध्ये फेंडरने आपला सगळा धंदा सीबीएस कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकला. सहाशे डॉलरच्या कर्जावर असा परतावा मी तरी नोकरीत कधी पाहिला नाही.

न्यूयॉर्ककडे दुसरा एक माणूस याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने भिडला. एव्हरेट हल. हा स्वतः डबल बेस वाजवायचा. डबल बेस ज्या लोखंडी खुंटीवर जमिनीला टेकतो त्या खुंटीतून त्याने मायक्रोफोन आत घातला. खुंटीला पेग म्हणतात, म्हणून कंपनीचं नाव अँपेग. १९६० मध्ये त्यांची बी-१५ नावाची पेटी आली. या पेटीचं झाकण काढून उलटं लावलं की आतला व्हॉल्व्हचा भाग वर येऊन उभा राहायचा आणि कार्यक्रम संपला की पुन्हा उलटा करून पेटीत. ताकद फक्त पंचवीस वॅट, पण खोका बंद आणि नीट हिशेबाने बनवलेला. त्यामुळे खालचा सूर गोल, भरलेला. हलला रॉक संगीत अजिबात आवडत नसे. आवाज फाटलेला त्याला खपत नसे. आपल्या वाड्यावरच्या एखाद्या गवईबुवांनी हार्मोनियम कारखाना काढावा तसा प्रकार.

हीच बी-१५ डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन क्लबात वाजवायचा. मोटाउन कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या असंख्य लोकप्रिय गाण्यांचा बेस त्याच्या बोटांचा. स्टुडिओत मात्र त्याची गिटार पेटीशिवाय, थेट रेकॉर्डिंगच्या यंत्राला जोडत. एवढं वाजवूनही रेकॉर्डच्या वेष्टणावर त्याचं नाव छापून यायला १९७१ साल उजाडावं लागलं. आपल्याकडे वेगळं काय होतं? हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक आणि अरेंजर भरलेले असायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा ही त्यातल्या त्यात माहीत झालेली नावं. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांतली बेस गिटार टोनी वाझ यांची, हे आता लोक सांगतात. तेव्हा रेकॉर्डवर संगीतकार, गीतकार, गायक, एवढ्यावर काम संपत असे.

इंग्लंडची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण ती सरळसरळ आयात धोरणाची गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडकडे डॉलर नव्हते. अमेरिकेतून वाद्यं आणायला १९५९ पर्यंत बंदी होती. बंदी उठल्यावरही फेंडरचा अँप तिथे इतका महाग पडे की कारखान्यातल्या पोरांना तो परवडत नसे. मग काय व्हायचं? जे तुमच्या-आमच्याकडे झालं तेच. १९६२ च्या सुमारास लिव्हरपूलच्या एका ओळखीच्या वादकाने, एड्रियन बार्बरने, पॉल मॅकार्टनीला पंधरा इंची स्पीकर घालून एक उंच खोका बनवून दिला. दिसायला असा, की सगळे त्याला शवपेटीच म्हणत. चालवायला घरी रेकॉर्ड ऐकण्यासाठीचा क्वाड अँप. बीटल्सचा सुरुवातीचा बेस त्या शवपेटीतून निघालेला आहे. नंतर व्हॉक्स कंपनीने त्यांना ट्रान्झिस्टरचा टी-६० अँप दिला. नवं तंत्र होतं, पण फार तापायचं आणि बंद पडायचं. पुढे १९६६ मध्ये ‘पेपरबॅक रायटर’ या गाण्याच्या वेळी एबी रोडच्या तंत्रज्ञांनी एक मोठा स्पीकरच उलटा जोडून माइक म्हणून वापरला. स्पीकर आणि माइक हे मुळात एकच यंत्र, फक्त उलट दिशेने चालणारं. खालचा सूर पकडायला मोठा कागद हवा, तो या युक्तीने मिळाला.

त्याच सुमारास लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रमवाल्याचं वाद्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकं म्हणायची, अमेरिकन आवाज हवा पण पैसे नाहीत. त्याच्या माणसांनी फेंडरचा बेसमन उघडला, आतली मांडणी समजून घेतली आणि स्थानिक भाग घालून १९६२ मध्ये स्वतःचा अँप उभा केला. सरळ नक्कल. मात्र स्पीकर त्यांनी बारा इंची चार घेतले आणि खोका मागून बंद केला. जगभर रॉकवाल्यांच्या पाठीमागे मार्शलच्या पेट्यांची जी भिंत दिसते तिची आजी म्हणजे हा बेसचा अँप.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. तरुण मंडळींना खरं वाटणार नाही, पण १९५० च्या दशकात, भारताने आर्थिक नाकेबंदी केली होती तेव्हा, पोर्तुगीज गोव्याच्या बाजारात परदेशी माल ओसंडून वाहत होता. खनिजाची निर्यात जोरात होती, त्यातून परकीय चलन येई, आणि व्यापारी घड्याळं, रेडिओ, दारू, मोटारी काय वाटेल ते मागवत. माल होता, पण वीज मात्र मोजक्या शहरांतच! म्हणजे विजेवरची पेटी आणायला मोकळीक होती तेव्हा ती लावायला भोक नव्हतं. १९६१ मध्ये मुक्ती झाली, हळूहळू गावोगाव खांब आले, तार आली, आणि त्याच वेळी भारताचे आयात परवान्याचे नियमही आले. आता भोक होतं, पेटी येत नव्हती.

यातून तीन वाटा निघाल्या. पहिली तारवटींची. बोटीवर काम करणारा भाऊ किंवा मामा असेल तर तो एखादी गिटार, क्वचित अँप घेऊन यायचा. अमेरिकन माल असला की तो ११७ व्होल्टचा, आपली वीज २३०. मध्ये ट्रान्सफॉर्मर न लावता प्लग घातला की दोन मिनिटांत धूर. दुसरी वाट लाऊडस्पीकरवाल्याची. सभेसाठी, नाटकासाठी असतो तो अहुजाचा अँप भाड्याने आणायचा आणि त्याला बेस जोडायचा. हा अँप बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चाले, ही त्याची मोठी सोय. पण तो बनवलेला भाषणासाठी. कर्ण्यातून बेसचा सूर म्हणजे डब्यात दगड वाजवल्यासारखा.

तिसरी वाट रेडिओ मेकॅनिकची, आणि मला खरं तर तिच्याबद्दलच लिहायचं होतं.

मडगावात आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असा एक मेकॅनिक होता. आपल्यातलाच, देवळाच्या उत्सवात लाऊडस्पीकर लावणारा. नाव लिहीत नाही, मुलांना आवडेल न आवडेल. मुंबईला गेला की लॅमिंग्टन रोडवरून सामान आणायचा. ८०७ नावाचा एक व्हॉल्व्ह तेव्हा मिळायचा, डोक्यावर धातूची टोपी असलेला. लाऊडस्पीकरच्या अँपमध्ये तो सर्रास असे. हा गडी त्याची जोडी लावून बेसचा अँप बांधायचा. पुढे व्हॉल्व्ह मिळेनासे झाले तसे २एन३०५५ हे ट्रान्झिस्टर आले, दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या पत्र्याच्या टोप्या. ते ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर बसवायचे, नाहीतर तापून जळायचे. आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर तो स्वतः हाताने गुंडाळायचा, वेढे मोजत. त्या वेळी दुकानात कुणी बोललं तर शिव्या.

खोका बनवायचा मेस्त. कधी सागवान, कधी फणसाची फळी, बाहेरून काळं रेक्झिन. पहिली पेटी त्यांनी मागून उघडी ठेवली होती, रेडिओ तसा असतो म्हणून. बेसचा सूर येईना. मग मागे फळी मारून बंद केली, आत नारळाचा काथ्या भरला. सूर आला, पण आतला अँप उष्णतेने पोळायला लागला. मग अँप बाहेर काढून वेगळ्या डब्यात. हे सगळं त्यांनी पुस्तक न वाचता, चार-सहा महिने खटपट करून शोधलं. न्यूयॉर्क आणि लंडनवाले ज्या ठिकाणी पोचले होते तिथेच हे दोघे आमच्या गल्लीत पोचले. वजन मात्र विचारू नका. फणसाची फळी ती! दोघांनी उचलायची आणि तिसऱ्याने शिव्या खायच्या. पावसाळ्यात स्पीकरच्या कागदाला बुरशी यायची, म्हणून चतुर्थीपर्यंत पेटीवर जुनं पातळ आणि आत डांबराच्या गोळ्या.

सत्तरच्या दशकात मी बँकेत नवा होतो तेव्हा आमच्या शाखेत एक अर्ज आला. एका बँडच्या बेसवाल्याला अशीच पेटी बनवून घ्यायची होती, रक्कम अडीच हजार. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन काही वर्षं झाली होती, स्वयंरोजगारवाल्यांना छोटी कर्जं द्या म्हणून वरून सूचना होत्या. पण कागद जुळेनात. कंपनीचं कोटेशन हवं, तर कंपनीच नाही. मेकॅनिकने वहीचा कागद फाडून पेन्सिलीने लिहून दिलेलं. तारण म्हणून मालाची किंमत काय धरायची? मॅनेजरसाहेबांनी त्याला विचारलं, उद्या तुम्ही हप्ते थकवले तर हे खोकं आम्ही कुणाला विकायचं? तो शांतपणे म्हणाला, “खंयच्याय बँडाक विचारात साहेब, फाल्यांच व्हरतले.” आणि ते खरंच होतं. मडगाव-कुडचडे पट्ट्यात पेट्या कमी आणि बँड जास्त.

खरी अडचण हप्त्यांची. दरमहा हप्ता त्याला जमणार नव्हता, कारण बँडची कमाई दरमहा नसते. कोरेज्माचे चाळीस दिवस क्रिस्तांव लग्नं नाहीत. नाताळच्या आधीचे काही आठवडे नाहीत. पावसाळा जवळजवळ कोरडा, म्हणजे ओला पण कोरडा. कमाई जानेवारीत, इंत्रूजला, ईस्टरनंतर एप्रिल-मेमध्ये. मी साहेबांना म्हटलं, शेतकऱ्याच्या पीककर्जाचा हप्ता आपण सुगीला धरतो, तर याची सुगी वेगळी आहे एवढंच. साहेब हसले, पण हप्ते तसे बांधून दिले. त्या माणसाने त्याच्या बँडची हिशेबाची वही पुरावा म्हणून आणली होती. ती वही मला अजून डोळ्यासमोर दिसते. वादक पाच, पण प्रत्येक लग्नाच्या बिदागीचे हिस्से सहा. सहावा हिस्सा पेटीचा. पेटीच्या नावाने पैसे वेगळे काढायचे, त्यातून दुरुस्ती, टेम्पो, नवा स्पीकर. घसारा निधी म्हणतात तो हाच, आणि कॉलेजात तो मला दोन वर्षं नीट समजला नव्हता. कर्ज मुदतीआधी फिटलं.

दरम्यान बाहेरच्या जगात पेट्या राक्षसासारख्या वाढल्या होत्या. मैदानावर हजारो लोकांसमोर कार्यक्रम व्हायला लागले आणि तेव्हा गिटारचा आवाज मुख्य लाऊडस्पीकरमधून सोडायची पद्धत नीट बसलेली नव्हती. स्टेजवरच्या पेटीलाच सगळं मैदान भरायचं. १९६९ मध्ये अँपेगने एसव्हीटी काढला. तीनशे वॅट, चौदा व्हॉल्व्ह, नुसता वरचा डबाच अडतीस किलोच्या आसपास, आणि खाली दहा इंची आठ-आठ स्पीकरच्या दोन पेट्या. वादक त्या पेटीला फ्रिज म्हणतात, आणि ती तशीच दिसते. रोलिंग स्टोन्सने त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात त्याचे पहिले नमुने वापरले. अकूस्टिक नावाच्या कंपनीची ३६० ही पेटी आणखी विचित्र. आत अठरा इंची स्पीकर, तोही मागे तोंड करून बसवलेला, आवाज घडीच्या वाटेने फिरून बाहेर. वाजवणाऱ्याला जवळ कमी ऐकू येई, लांबच्यांना छातीत धडकी. जॅको पास्टोरियसचा प्रसिद्ध आवाज याच पेटीचा.

अशा पेट्या गोव्यात आम्ही फक्त फोटोत पाहिल्या. मग ऐंशीच्या दशकात आखाताची वाट रुळली. घरटी एक माणूस कुवेत, दुबई, बहारीनला. सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डरबरोबर कुणी जपानी अँपही आणू लागला. हलका, सुबक, पुढे दिवे. आमचा कर्जदार बेसवालाही आखातात गेला. जाताना पेटी धाकट्या भावाला दिली, भावाने चार वर्षांनी भंगारात. मेकॅनिककडे अँपचं काम येईनासं झालं आणि तो टीव्ही दुरुस्तीकडे वळला.

बेसवाल्याचीच गरज कमी होत गेली हे त्याहून वाईट. सिओलीच्या घरात रेमो फर्नांडिसने १९८४ ची ‘गोवन क्रेझी’ चार ट्रॅकच्या यंत्रावर एकट्याने रेकॉर्ड केली, सगळं स्वतः वाजवून. ती हौस आणि हुनर होतं. लग्नाच्या मंडपात मात्र कीबोर्ड आला आणि त्याच्याबरोबर खर्चाचा हिशेब. डाव्या हाताने बेस, बटण दाबलं की ड्रम, एकटा माणूस अख्खा बँड. यजमानाला पाच जणांचं जेवण वाचलं. सहा हिश्शांची ती वही एका हिश्शाची झाली.

आता तर तीनशे-पाचशे वॅटचा अँप दोन-तीन किलोचा, पिशवीत मावणारा. त्यात एसव्हीटीचा आवाज, बी-१५ चा आवाज अशी नावं घालून बटणं दिलेली असतात. माझ्या नातवाच्या मित्राने परवा मला ऐकवलं. बी-१५ बरं वाटलं. फणसाच्या फळीचं बटण त्यात नव्हतं.

कुणाच्या माळ्यावर, गोदामात, काजूच्या कोठारात अशी हाताने बनवलेली जुनी पेटी पडून असेल, किंवा घरात बँडची हिशेबाची वही सापडली, तर भंगारवाल्याला देण्याआधी इथे फोटो टाका. पेटीच्या मागची फळी काढून आतलाही एक फोटो घ्या. ट्रान्सफॉर्मरवर वेढ्यांचा आकडा पेन्सिलीने लिहिलेला असतो.